अभिप्राय वही

सावद्याच्या वाचनालयात दाराशी एक वही आहे,
सुतळीनं बांधलेली.
पेनही बांधलेलं, कारण आधीची अकरा पेनं
अभिप्राय न देताच गेली.

पहिल्या पानावर छापलंय:
वाचकांनी आपले मत सभ्य भाषेत मांडावे.
त्याखाली निळ्या शाईत:
सभ्य म्हणजे किती?

चौदा वर्षं मी इथे पुस्तकांच्या पाठीवर आकडे टाकते.
मत देणं माझ्या कामात येत नाही.
पण संध्याकाळी वही कपाटात ठेवायची असते
आणि चाळल्याशिवाय ठेवली जात नाही.

कादंबरी रडकी आहे. बाईनं पान नव्वदलाच
घर सोडायला हवं होतं.
— एक वाचक.
सोडून जाणार कुठे? भाडं कोण देणार, तुम्ही?
— दुसरा वाचक.

तिथून सुरू झालं.
मंगळवारी माडीवर जुन्या टेपवरचं गाणं ऐकवतात, त्यावरही:
गाणाऱ्या बाईंनी एकच ओळ सतरा वेळा म्हटली. मी मोजली.
मोजत बसलात, म्हणून ऐकू आली नाही.
मग हळदीच्या रात्रीचे भोंगे,
मग चपला कुठे काढाव्यात,
मग पुरवणी एकाच माणसानं किती वेळ धरावी,
तर कोडं सुटेपर्यंत.

मला दोन्ही अक्षरं ओळखू येतात.
पावत्यांवर रोज सह्या घेते ना.
'एक' म्हणजे सुभान तडवी, केळीच्या काट्यावर वजनं लिहितात,
साताच्या पोटात आडवी रेघ मारतात.
'दुसरा' म्हणून सही करतात त्या कोकिळा फेगडे,
शिवणक्लासच्या. त्यांचं अक्षर टीप घातल्यासारखं.

दोघं एकाच टेबलाशी बसतात, समोरासमोर.
पुरवणी घ्या, माझी झाली.
पंखा तिकडे वळवू का? घाम आलाय तुम्हाला.
अहो, चष्मा राहिला तुमचा.
आणि उठून दाराशी जातात, एकेकटे,
पाठ करून भांडतात.

मे महिन्यात, खिडकीचे गज हाताला चटके देत होते तेव्हा,
बाईंनी लिहिलं:
ज्यांची समज केळीच्या काट्याएवढी
त्यांनी तंबोऱ्याचं वजन करू नये.

सहज लिहिलं असणार. आमच्या गावात
उपमा सुचली तर ती केळीचीच सुचते.

सुभानभाऊंनी ते उभ्यानं वाचलं.
पेनाचं टोपण लावलं.
परत येऊन बसले आणि म्हणाले,
पुरवणी घ्या.

त्यानंतर वहीत फक्त दुसरा वाचक.
एक दिवस. आठ दिवस. जून लागला.
मतांखाली मत येईना, तशी त्यांची वाक्यं आखूड झाली.
मग मला विचारलं, हळूच, पावतीवर सही करता करता:
हे 'एक वाचक' कोण हो? बरे आहेत ना?

सुभानभाऊ तीन हातांवर कोडं सोडवत होते.
मी म्हटलं, नावं सांगायची पद्धत नाही.
नियम असा काही नाही.
मीच केला, त्या क्षणी.

त्या दिवशी बाईंनी कादंबरी पुन्हा नेली.
गुरुवारी परत दिली आणि वहीत लिहिलं:
पान नव्वदलाच निघायला हवं होतं तिनं.
माफी नव्हती त्यात. सहीसुद्धा नव्हती.

शुक्रवारी बंद करताना बघितलं,
त्याखाली काहीच नाही.
म्हणजे शाई नाही, पेन संपलेलं.
कागदावर नुसते वळ.
दिव्याखाली पान तिरपं धरलं, बोट फिरवलं,
तर लागलं हाताला, वहीत कधी न आलेल्या बोलीत:
मले नई पटलं.
भाडं कोन देनार?

सकाळी नवं पेन बांधलं.
सुतळी जरा जास्त सोडली,
टेबलापर्यंत पोचेल एवढी.